‘वेड्याची गोळी खातेस आणि सांगत नाहीस?’

डॉक्टरताई, नमस्कार.

माझं वय ३८. एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दोन वर्षं झाली, जिवाला सारखा घोर लागलेला असतो. संध्याकाळी कॅश जुळली तरी घरी जाताना वाटतं, कुठेतरी चूक राहिलीय, उद्या सापडेल. मुलगी क्लासहून पाच मिनिटं उशिरा आली की माझे हातपाय गार पडतात. रात्री झोप नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम १० मिलीग्रॅम सुरू केली. पहिल्याच आठवड्यात छातीतली धडधड इतकी वाढली की आठव्या दिवशी मी ती बंद केली. मग कोल्हापूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी क्वेटियापीन २५ मिलीग्रॅम रात्री घ्यायला सांगितली. ‘झोप लागेल, चिंता कमी होईल,’ एवढंच म्हणाले.

झोप लागते, हे खरं. पण तीन महिन्यांत वजन चार किलोने वाढलं. सकाळी डोकं जड असतं आणि रात्री जेवण झाल्यावरही भूक लागते. गेल्या रविवारी मिस्टरांनी मोबाइलवर गोळीचं नाव टाकून पाहिलं, तर ती स्किझोफ्रेनियाची निघाली. ते एकदम गप्प झाले. सासूबाई म्हणाल्या, ‘वेड्याची गोळी खातेस आणि आम्हाला सांगत नाहीस?’ ताई, डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवलंय का? मला तसलं काही झालंय का? माझ्या वडिलांना मधुमेह आहे. गोळी बंद करून टाकू का?

– एक वाचक, इचलकरंजी

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण हे वाचेपर्यंत कदाचित रात्र झालेली असेल. गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. तीन महिने रोज घेतलेली क्वेटियापीन अचानक थांबवली तर काही रात्री झोप साफ उडू शकते, मळमळतं, जीव अस्वस्थ होतो. आणि मग तुम्हाला वाटेल, आजार पुन्हा उसळला, आता ही गोळी जन्मभराची. २५ मिलीग्रॅम हा छोटा डोस आहे, तो सोडवणं अवघड नसतं. पण ते डॉक्टरांना सांगून, त्यांच्या सल्ल्याने व्हावं.

आता ‘वेड्याची गोळी’. हा शब्द मी इतक्या घरांमधून ऐकला आहे, आणि त्यापायी इतक्या बायकांनी गोळ्या डाळीच्या डब्यात लपवून ठेवलेल्या पाहिल्या आहेत, की त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

सासूबाईंना विचारा, चक्कर येते म्हणून त्यांनी कधी स्टेमेटिल घेतली आहे का. पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच बायकांच्या औषधांच्या डब्यात ती सापडते. तिच्यातलं औषध प्रोक्लोरपेराझिन, आणि ते अँटीसायकोटिक, म्हणजे तुमच्या क्वेटियापीनच्याच औषधांच्या कुटुंबातलं आहे. आपल्याकडे पित्तासाठी, पोटफुगीसाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या कितीतरी कॅप्सूलमध्ये आम्लपित्ताच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड असतं. तेही त्याच घराण्यातलं. म्हणजे या घराण्याची गोळी तुमच्या घरात याआधीच येऊन गेली असण्याचा बराच संभव आहे. कोणी तिचं नाव मोबाइलवर शोधलं नाही, इतकंच.

औषधांच्या गटाला नाव मिळतं ते बहुधा त्याच्या पहिल्या मोठ्या उपयोगावरून. या गटातलं पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन. फ्रान्सच्या नौदलातले शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांना ते शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी हवं होतं. ते दिल्यावर माणूस जागा असतो, पण त्याची धास्ती निवळते, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या मनोरुग्णालयात ते तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णांना दिलं गेलं आणि मानसोपचाराचं चित्र पालटलं. मग पूर्ण गटालाच ‘सायकोसिसविरोधी’ (अँटीसायकोटिक) हे नाव चिकटलं; सायकोसिस म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. नाव औषधाचं आहे, त्यावरून तुमचा आजार ठरत नाही. पत्रात तुम्ही जे लिहिलंय, कॅशची धास्ती, मुलीच्या उशिराने गार पडणारे हात, दोन वर्षांचा सततचा घोर, त्यात मला स्किझोफ्रेनियाचं एकही लक्षण दिसत नाही. दिसते ती चिंताविकाराची ओळखीची खूण. पत्रावरून निदान करू नये, हे मला माहीत आहे, पण तुमच्या भीतीपुरतं एवढं सांगायलाच हवं.

क्वेटियापीनची आणखी एक गंमत आहे, ती तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. डोस बदलला की या गोळीचं काम बदलतं. स्किझोफ्रेनियासाठी मोठ्यांना ती दिवसाला साधारण १५० ते ७५० मिलीग्रॅम दिली जाते. तेवढ्या डोसात ती मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला पुरेसा अडसर घालते. २५ मिलीग्रॅममध्ये ते काम जवळपास होतच नाही. तिथे ती अडवते मुख्यतः हिस्टामिन या दुसऱ्या रसायनाला. सर्दी-ॲलर्जीची जुनी गोळी घेतल्यावर गुंगी येते ना, तोच मार्ग. म्हणून तुम्हाला झोप लागते. आणि म्हणूनच जेवल्यावर पुन्हा भूक लागते, कारण हिस्टामिन अडलं की भुकेचा लगाम सैल होतो. दोन्ही गोष्टी एकाच दारातून येतात. रात्री स्वयंपाकघरात जाऊन फरसाणाचा डबा उघडता, यात तुमच्या मनाचा दुबळेपणा शोधू नका.

तर डॉक्टरांनी लपवलं का? लपवलं, असं मला वाटत नाही. सांगितलं नाही, हे मात्र खरं, आणि ते सांगायला हवं होतं. औषधाला सरकारी परवाना मिळतो तो ठरावीक आजारासाठी. त्यापलीकडच्या आजारासाठी डॉक्टर ते देतात त्याला ‘ऑफ-लेबल’ वापर म्हणतात. हा गुन्हा नाही, आणि दुर्मीळही नाही. भाषणाआधी हात थरथरतात म्हणून प्रोप्रॅनोलॉल देतात, ते मुळात रक्तदाबाचं आणि हृदयाचं औषध. नसांच्या दुखण्याला ॲमिट्रिप्टिलिन देतात, ते नैराश्याचं. फरक एवढाच की अशा वापरात पुरावा किती भक्कम आहे आणि बदल्यात काय मोजावं लागतं, हे तपासायची जबाबदारी डॉक्टरांवर येते, आणि ते रुग्णाला सांगायचीही.

क्वेटियापीन आणि चिंता यांची कथा अशी. २००० नंतरच्या दशकात सततच्या चिंतेच्या विकारावर हिच्या मोठ्या चाचण्या झाल्या. हळूहळू विरघळणारी गोळी, ५०, १५० आणि ३०० मिलीग्रॅम. चिंता खरोखर कमी झाली, विशेषतः १५० ला. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१० च्या कॉक्रेन आढाव्यातही तेच निघालं: नकली गोळीपेक्षा क्वेटियापीन सरस, पण वजनवाढ आणि गुंगी जास्त, आणि त्रासापायी औषध सोडून देणारेही जास्त. ती बनवणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने अमेरिकेत चिंताविकारासाठी परवाना मागितला होता. २००९ मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे हा विषय आला. चिंताविकारावर ही गोळी एकटीने देणं पुरेसं सुरक्षित आहे, असं समितीला वाटलं नाही, आणि तो परवाना कधीच मिळाला नाही. पुढच्याच वर्षी, परवाना नसलेल्या आजारांसाठी या औषधाचा प्रचार केल्याच्या आरोपांवरून ॲस्ट्राझेनेका कंपनीने अमेरिकी सरकारला ५२ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्या आरोपांत चिंता आणि निद्रानाशही होते. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेची २०११ ची मार्गदर्शक सूचना तर थेट आहे: सततच्या चिंतेच्या विकारावर प्राथमिक आरोग्यसेवेत अँटीसायकोटिक देऊ नका.

याचा अर्थ कोल्हापूरच्या डॉक्टरांनी चूकच केली, असा काढू नका. ते तज्ज्ञ आहेत, आणि दोन-तीन नेहमीची औषधं पुरेशा डोसात, पुरेसा काळ देऊनही उतार पडत नाही तेव्हा तज्ज्ञ या औषधांकडे वळतात. मीही वळले आहे. काही रुग्णांना त्यातून खरंच आराम मिळाला आहे. शिवाय आमच्यापैकी बरेच जण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांची सवय लागलेले रुग्ण सोडवताना इतके दमलेले असतात, की झोपेसाठी ‘सवय न लागणारं काहीतरी’ म्हणून हात क्वेटियापीनकडे जातो. हेतू चांगलाच असतो.

पण तुमच्या पत्रात मला अडखळवतं ते हे: नेहमीची औषधं तुमच्या बाबतीत वापरून झालेलीच नाहीत. एस्सिटॅलोप्रॅम तुम्ही आठ दिवस घेतली. या गटाच्या गोळ्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात त्या चिंता वाढवू शकतात. चिंतेच्या रुग्णाला हे आधी सांगावंच लागतं: ‘सुरुवातीला धडधड वाढेल, घाबरू नका, दहा-बारा दिवसांत निवळेल.’ आणि सुरुवात १० ने न करता ५ ने करावी लागते. कधीकधी तर अडीचने, गोळी मोडून. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. धडधडीलाच भिणाऱ्या बाईची धडधड वाढली, तिने गोळी टाकली, आणि कागदावर नोंद झाली असेल की हे औषध मानवलं नाही. खरं तर त्या औषधाला वेळच मिळाला नाही. आणि बोलून करायचे उपचार, म्हणजे सीबीटी, त्याचा तर तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. चिंताविकारावर सीबीटीचा गुण औषधाच्या तोडीचा असतो. ‘कॅशमध्ये चूक राहिलीय’ हा विचार पकडून, त्याची तपासणी करून, तिसऱ्यांदा मोजण्याचा मोह टाळायला शिकवणं, हे त्यातलं नेहमीचं काम. इचलकरंजीत समुपदेशक मिळायला अडचण असेल तर कोल्हापुरातले अनेक जण आता फोनवरही सत्रं घेतात. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मराठीत बोलते, ती फुकट आहे. तिथून जवळच्या सेवेची माहिती मिळेल. आणि थायरॉइड तपासली आहे का? नसेल तर तपासा. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की हीच धडधड, हीच झोपमोड होते.

एक शक्यता मात्र डॉक्टरांच्या बाजूने मांडायला हवी. एस्सिटॅलोप्रॅमसारखं अँटिडिप्रेसंट घेतल्यावर कोणी फार अस्वस्थ झालं, की आमच्या मनात बायपोलर आजाराची, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य येणाऱ्या आजाराची, शंका येते. तशी शंका आली असेल, तर क्वेटियापीन निवडण्याला वेगळं आणि सबळ कारण आहे, कारण बायपोलरसाठी तिला परवानाही आहे. तुमच्या घराण्यात कोणाला तसा आजार होता का, तुम्हाला कधी झोप न घेताही अंगात वारं भरल्यासारखे उत्साहाचे दिवस आले होते का, हे त्यांनी विचारलं होतं का, आठवून पाहा. विचारलं असेल, तर त्यांच्या डोक्यात काय होतं ते त्यांनाच विचारा.

आता वजन. चार किलो, तीन महिन्यांत, वडिलांना मधुमेह. हे मी गंभीरपणे घेते. ‘डोस किती लहान आहे’ म्हणून हे टाळता येत नाही, कमी डोसातही वजन वाढतं आणि साखरेवर परिणाम होऊ शकतो. या गटातलं औषध सुरू करण्याआधीच वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नोंद हवी, पुढे चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला वजन, आणि तीन महिन्यांनी रक्ततपासणी पुन्हा. तुमचे तीन महिने पुरे झालेत. पुढच्या भेटीआधीच उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड (कोलेस्टेरॉल) करून घ्या. तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडूनही होईल. सकाळचं जडपण असेपर्यंत स्कूटर जपून चालवा. रात्री उठताना पलंगावर क्षणभर बसा आणि मगच उभ्या राहा, कारण ही गोळी उभं राहताना रक्तदाब एकदम खाली आणू शकते.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. क्वेटियापीनमध्ये तिचं प्रमाण कमी, पण या गटातल्या इतर औषधांमध्ये बरंच असतं, आणि चिंतेसाठी ती औषधंही दिली जातात. अकाथिसिया. पायांत काहीतरी वळवळतंय, एका जागी बसवत नाही, येरझारा घातल्याशिवाय जिवाला बरं वाटत नाही. रुग्ण येऊन म्हणतो, ‘चिंता वाढलीय.’ माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एक तरुण शिक्षिका माझ्याकडे यायच्या. चिंतेसाठी मी त्यांना ट्रायफ्लुओपेराझिनचा लहान डोस दिला होता. हे जुनं औषध अमेरिकेत चिंतेसाठी थोड्या काळापुरतं मान्य आहे, दिवसाला ६ मिलीग्रॅमच्या आत आणि १२ आठवड्यांच्या वर नाही. दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, बेचैनी वाढली. मी डोस वाढवला. पुढच्या भेटीत त्या खुर्चीवर बसूच शकल्या नाहीत, माझ्यासमोर सारख्या उठत होत्या, बसत होत्या, आणि त्यांची आई रडत होती. तेव्हा मला कळलं की मी औषधाच्या दुष्परिणामाला आजार समजून त्यावर आणखी तेच औषध ओतलं होतं. गोळी थांबवल्यावर त्या शांत झाल्या. पण ते दोन आठवडे मी त्यांना परत देऊ शकले नाही. म्हणून तुम्हाला सांगते, आणि हे वाचणाऱ्या इतरांनाही: चिंतेसाठी असली गोळी सुरू झाल्यावर बेचैनी वाढली, आणि ती मनापेक्षा पायांत जास्त असली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि याच शब्दांत सांगा. आणि अशा गोळ्या महिनोन्महिने, वर्षानुवर्षं चालू राहिल्या तर ओठ-जीभ आपोआप हलत राहण्याचा त्रास जडू शकतो, तो कधीकधी गोळी थांबवूनही जात नाही. तेव्हा ‘किती दिवस?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा असतो.

फॅमिली डॉक्टरांकडून अशी औषधं नकळत येण्याचीही आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. फ्लुपेंटिक्सॉल हे अँटीसायकोटिक आणि मेलिट्रासेन हे अँटिडिप्रेसंट, अशी जोडगोळी वर्षानुवर्षं ‘टेन्शनची गोळी’ म्हणून दिली जायची. ती बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या देशात, डेन्मार्कमध्ये, ती विकलीच जात नव्हती. २०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर बोट ठेवलं, २०१३ मध्ये सरकारने बंदी घातली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. कित्येक रुग्णांना आपण काय घेत होतो, हे बंदीच्या बातमीतून कळलं. तुमचंही तसंच झालं, फक्त बातमीऐवजी नवऱ्याच्या मोबाइलवरून.

तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचं कसं? तुम्ही कॅशियर आहात, तेव्हा चिठ्ठी लिहून न्या, बोलताना धडधड झाली तरी काही सुटणार नाही. साधं विचारा: ‘डॉक्टर, ही गोळी मला झोपेसाठी आहे की चिंतेसाठी? तुम्ही माझं निदान काय लिहिलंय? ही किती दिवस घ्यायची? वजन चार किलोने वाढलंय, वडिलांना शुगर आहे, हे रिपोर्ट आणलेत. एस्सिटॅलोप्रॅम मी आठच दिवस घेतली होती, ती अगदी कमी डोसापासून पुन्हा करून पाहता येईल का?’ यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आठ दिवस हा आकडा त्यांना बहुधा माहीतच नसेल, तुम्ही ‘मानवली नाही’ म्हणाला असाल.

विचारायचा संकोच वाटला, तर हे लक्षात ठेवा: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आपलं निदान काय, उपचार काय ठरलेत आणि त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत कळायला हवं. कागदपत्रं पाहण्याचाही हक्क आहे. तो कायदा तोंडावर मारायला जाऊ नका. नुसतं विचारलं तरी बहुतेक डॉक्टर खुर्ची पुढे ओढून नीट सांगतात. विचारल्यावर चिडणारा, ‘डॉक्टर तुम्ही की मी’ म्हणणारा भेटला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत खुशाल घ्या.

मिस्टरांना त्या भेटीला सोबत घेऊन जा. ते गप्प झाले, याचा अर्थ ते रागावले असा तुम्ही लावलाय. मला वाटतं ते घाबरलेत. स्किझोफ्रेनिया हा शब्द त्यांनी एकट्याने वाचला, आणि समजावून सांगायला शेजारी कोणी नव्हतं. डॉक्टरांच्या तोंडून ‘तो आजार नाही’ हे वाक्य त्यांच्या कानावर पडणं तुमच्या झोपेसाठी या गोळीइतकंच गरजेचं आहे. सासूबाईंशी मात्र आज वाद घालू नका. फक्त त्यांचा औषधांचा डबा एकदा दोघींनी मिळून उघडून बघा, चक्करेची आणि पित्ताची गोळी बाहेर काढा आणि त्यावरची नावं मोठ्याने वाचा.

रिपोर्ट आले की मला कळवा. उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा आणि कंबरेचा घेर, दोन्ही लिहा.